आपला मित्र

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती, बाहेर संततधार लागली होती आणि आमच्या घरातील तरुण मंडळी दिवाणखान्यात एक इंग्रजी चित्रपट लावून बसली होती. असले चित्रपट आम्ही सहसा पाहत नाही. त्यांतील उच्चार आमच्या मॅट्रिकच्या इंग्रजीच्या आवाक्याबाहेरचे असतात, आणि खाली उमटणारी अक्षरे वाचून होईतो चित्र पुढे निघून गेलेले असते. परंतु त्या रात्री निजावयास जाण्याच्या बेतात असता आमच्या वडील वहिनी दाराशी उभ्या राहून चित्रपट पाहताना दिसल्या, म्हणून आम्हीही क्षणभर टेकलो. वहिनींना इंग्रजीचा गंध नाही. पण आमचा पुतण्या मधूनमधून कथाभाग मराठीत सांगत होता. एक सरकारी अंमलदार चोराचे सोंग घेऊन गुन्हेगारांच्या टोळीत शिरतो, टोळीतील एक उतारवयाचा गुन्हेगार त्याला पोटच्या पोरासारखा जीव लावतो, आणि त्याच जिव्हाळ्याच्या आधाराने तो अंमलदार सर्वांना पकडून देतो, अशी ती कथा. चित्रपट संपल्यावर सर्वजण त्या अंमलदाराच्या धैर्याची वाखाणणी करू लागले. वहिनी एवढेच म्हणाल्या, “पण तो त्या म्हाताऱ्याच्या घरी जेवला होता ना रे?”

मंडळींत हशा पिकला. पुतण्या म्हणाला, “काकू, अहो तो खुनी माणूस होता!”

“असेल. मी खुनाचे विचारलेच नाही. जेवला होता की नव्हता?”

एवढे बोलून वहिनी देवघरातील समई शांत करावयास निघून गेल्या. आमचा दहा वर्षांचा नातू मात्र आमच्या धोतराचा सोगा धरून विचारू लागला, “आजोबा, मग तो माणूस चांगला की वाईट?” जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाजवळ अशा वेळचे एक उत्तर नेहमी तयार असते. आम्ही म्हणालो, “उद्या सांगतो.”

तो उद्या उगवण्यास दोन महिने लागले. चित्रपटात कल्पनेची भर असावयाची हे जाणून आम्ही पुतण्याकडून मूळ पुस्तकच मागवून घेतले. ते त्या अंमलदाराने स्वतः १९८८ साली प्रसिद्ध केलेले आहे. कोश शेजारी घेऊन, एका दिवसास सातआठ पाने अशा आमच्या चालीने आम्ही ते पुरे केले, आणि त्या खटल्यांविषयी इतरत्र जे छापून आले आहे त्यातीलही थोडेबहुत वाचले. वाचता वाचता वहिनींचा प्रश्न मनात अधिकाधिक रुतत गेला. तो का रुतला, हे शेवटी सांगू.

या अंमलदाराचे खरे नाव जोसेफ पिस्टोन. जन्म १९३९ चा. मूळचे इटालियन घराणे, बाळपण न्यू जर्सी प्रांतातील पॅटर्सन या गिरण्यांच्या गावी गेलेले. एफ. बी. आय. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या मध्यवर्ती अन्वेषण खात्यात तो १९६९ साली दाखल झाला. त्यापूर्वी काही काळ तो शाळामास्तर होता, हे वाचून आम्हांस उगीचच बरे वाटले! न्यूयॉर्क शहरात त्या काळी इटालियन गुन्हेगारांची पाच ‘घराणी’ होती. जुगार, खंडणी, मालमोटारींची लूट, मादक द्रव्यांचा व्यापार आणि या सर्वांच्या रक्षणासाठी लागणारे खून, असा त्यांचा संसार. घराणे हा शब्द आम्ही पदरचा घातलेला नाही. ते लोक स्वतःच तो वापरीत. पोलिसांस एखादा चोर सापडे, एखादा मारेकरी सापडे. पण घराणे सापडत नसे. मौन पाळणे हा त्यांचा पहिला धर्म, आणि तो मोडणाऱ्यास एकच प्रायश्चित्त. आतील माणूस बोलेना आणि बाहेरच्यास काही दिसेना, अशी अन्वेषण खात्याची अवस्था होती.

१९७६ च्या सप्टेंबरात पिस्टोन ‘डॉनी ब्रास्को’ हे नाव धारण करून, जवाहिऱ्यांकडे हात मारणारा चोर म्हणून न्यूयॉर्कात वावरू लागला. बेत सहा महिन्यांचा होता. रत्नपरीक्षेचे शिक्षण त्याने रीतसर घेतले होते, कारण खऱ्याखोट्या हिऱ्यातील भेद न कळणारा हिरेचोर पहिल्याच दिवशी उघडा पडावयाचा. खात्याने आपल्या दप्तरातून त्याचे नाव काढून टाकले. कोणी पिस्टोनची चौकशी केलीच, तर असा इसम येथे नोकरीस नाही असे उत्तर मिळे. आणि मग त्याने काय केले? काहीच नाही! महिनेच्या महिने तो विवक्षित खानावळींत व मद्यगृहांत जाऊन नुसता बसत असे. कोणास प्रश्न विचारावयाचा नाही, कोणाची ओळख करून घ्यावयाची नाही. आमच्या सोंगट्यांच्या जातीचा बॅकगॅमन म्हणून एक पटावरचा खेळ आहे, त्याच्या निमित्ताने पहिले बोलणे निघाले. हे सारे वाचताना आम्हांस वाटले की, धाडसाचे काम म्हणून ज्याची वर्णने होतात, त्याचा बारा आणे भाग कंटाळा सहन करण्याचाच असावा.

प्रथम एका घराण्याच्या टोळीत थोडे दिवस काढून तो बोनॅनो नावाच्या घराण्याकडे वळला. तेथे त्याला बेंजामिन रुजिएरो भेटला. त्यास सर्वजण ‘लेफ्टी’ म्हणजे डावखुरा म्हणत. पन्नाशी उलटलेला, सदैव जुगाराच्या कर्जात बुडालेला, तोंडाने अखंड कुरकुर करणारा, आणि माणसे मारण्याविषयी लौकिक असलेला हा मनुष्य ब्रास्कोचा गुरू झाला. गुरू हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजीत आहो. घराण्याचे सारे आचार त्याने या शिष्यास शिकविले. वरिष्ठापुढे कसे बोलावे, पैशाचा वाटा कसा द्यावा, मिशा का राखू नयेत, कोणाच्या बायकोकडे पाहू नये, आणि कोणता प्रश्न कधीच विचारू नये, येथपर्यंत! ब्रास्कोचे त्याच्या घरी जाणे-येणे होते, जेवणखाण होते. वहिनींची शंका खरी होती. तो जेवला होता.

या आचारांपैकी एक आमच्या मनात विशेष राहिला. दोन घराणेवाल्यांची तिऱ्हाइताशी गाठ घालून देताना ते लोक एकच वाक्य बोलत, पण त्यात एका शब्दाचा फरक असे. ‘हा माझा मित्र’ असे म्हटले, तर हा बाहेरचा आहे, याच्यापुढे जपून बोला, याची हमी माझ्यापुरती. ‘हा आपला मित्र’ असे म्हटले, तर हा घराण्याची दीक्षा घेतलेला आहे, मोकळेपणाने बोलण्यास हरकत नाही. इंग्रजीत हा भेद लोकांस समजावून सांगावा लागतो. आपल्या मराठीत ‘आमचा’ आणि ‘आपला’ हे दोन शब्द घरातील पोरासही निराळे कळतात.

परंतु या मैत्रीस एक कलम जोडलेले असे. ज्याने एखाद्याची हमी भरली त्याने ती आपल्या प्राणावर भरली. आणलेला माणूस फितूर निघाला तर शासन फितुरास होवो न होवो, हमीदारास अवश्य व्हावयाचे. आमच्याकडे जामीन राहणाऱ्याचे घरदार जाते. त्यांच्याकडे डोके जाई.

पुढे १९७९ साली घराण्यातील बडा पुढारी कार्माइन गॅलांटी याचा खून झाल्यावर डॉमिनिक नेपोलिटानो ऊर्फ ‘सनी ब्लॅक’ हा टोळीनायक झाला, आणि लेफ्टीबरोबर ब्रास्कोही त्याच्या छत्राखाली आला. ब्रुकलिन भागात या सनीचे एक मद्यगृह होते. त्याच्या वरच्या मजल्यावर तो राही आणि गच्चीवर शर्यतीची कबुतरे पाळी. ब्रास्को कित्येकदा त्याच्याच बिऱ्हाडी मुक्कामास असे. तेथे सकाळी उठून सनी कबुतरांस दाणे घाली आणि घराण्यातील गोष्टी या ‘मित्रा’स सांगे. खुन्याच्या गच्चीवर कबुतरे असावीत याचे नवल वाटावयास नको. असली माणसे दिवसातील बराच वेळ तुमच्याआमच्यासारखीच असतात. हीच तर अडचण आहे.

सहा महिन्यांचा बेत जवळजवळ पाच वर्षे चालला. या अवधीत पिस्टोनची पत्नी व तीन मुली दुसऱ्या प्रांतात राहत होत्या. महिनेच्या महिने तो घरी फिरकत नसे, आणि आला तरी कोठे होतो हे सांगू शकत नसे. पत्नीस मोटारीचा भयंकर अपघात झाला तेव्हा काही दिवस तो तिच्याजवळ राहिला आणि पुन्हा लेफ्टीकडे परतला. मुलींनी या गैरहजेरीचा राग धरला, हे त्याने स्वतः लिहून ठेविले आहे. त्या भागापाशी आम्ही पुस्तक मिटून दोन दिवस बाजूस ठेविले. टोळीत मिसळण्यासाठी घराबाहेर पडलेला मनुष्य नाताळासारखे सण चोरांच्या संगतीत काढतो, आणि घरची मुले खिडकीशी बसतात, हा व्यवहार आमच्यासारख्या गोतावळ्यात राहणाऱ्यास लवकर उमगत नाही.

५ मे १९८१ रोजी घराण्यातील विरुद्ध पक्षाच्या तीन टोळीनायकांस एकाच वेळी ठार मारण्यात आले. त्यांपैकी एकाचा मुलगा निसटला होता. त्याला शोधून मारण्याचे काम सनीने ब्रास्कोवर सोपविले. ते केले असता दीक्षेचा मार्ग मोकळा होणार होता, आणि तशी शिफारस सनी करणार होता. म्हणजे ‘माझा मित्र’ आता ‘आपला मित्र’ होणार होता! अन्वेषण खात्याने येथे हात आखडला. दीक्षा मिळेपर्यंत थांबावे असे पिस्टोनचे मत होते. खात्याने ते मानले नाही, आणि आमच्या मते योग्यच केले. जुलै १९८१ अखेर त्यास बाहेर काढण्यात आले. दोनचार दिवसांतच खात्याचे अंमलदार सनीच्या मद्यगृहात गेले आणि त्यांनी पिस्टोनचे छायाचित्र त्याच्यापुढे ठेवून सांगितले, हा आमचा माणूस आहे.

सनीस संरक्षण देऊ केले होते. त्याने ते घेतले नाही. १७ ऑगस्ट १९८१ रोजी त्याला घराण्याच्या बैठकीचे बोलावणे आले. त्याचा अर्थ तो जाणून होता. अंगावरील दागिने व घराच्या किल्ल्या त्याने मद्यगृहातील आपल्या माणसाजवळ दिल्या आणि तो गेला. वर्षभराने स्टेटन बेटावर त्याचे प्रेत सापडले. हात तोडलेले होते. चित्रपटात हा दागिने काढून ठेवण्याचा प्रसंग लेफ्टीच्या वाट्यास दिला आहे, म्हणून येथे मुद्दाम नोंद करितो. लेफ्टीस मारण्यापूर्वीच खात्याने त्याला रस्त्यावर पकडले. त्यामुळे तो वाचला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. पहिली ओळख करून देणाऱ्यांपैकी अँथनी मिरा म्हणून एक होता. त्याला १९८२ साली त्याच्या नातेवाइकांच्याच हातून मरण आले.

आता थोडे विषयांतर. आमचा जन्म संस्कृताच्या संगतीत गेला, त्यामुळे कोणतीही नवी गोष्ट वाचली की मन मागे धावते. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०५ च्या सुमारास म्हैसूर येथे शामशास्त्र्यांच्या हाती आले आणि १९०९ साली छापून निघाले. त्यातील ‘कण्टकशोधन’ अधिकरणात चोरांचा माग काढण्याची युक्ती सांगितली आहे, ती वाचून विद्यार्थी पोट धरून हसत. सिद्धपुरुषाचा वेष घेतलेले हेर चोरट्या तरुणांस म्हणतात, आम्हांजवळ माणसे निजविण्याचा मंत्र आहे, दारे उघडण्याचा मंत्र आहे. मग अगोदर सांगून ठेवलेल्या गावी नेऊन मंत्राची प्रचीती दाखवितात. गावकरी निजल्याचे सोंग करितात, द्वारपाल दार उघडितो! प्रचीती पाहून चोर खऱ्या चोरीस निघाले की आयते पकडले जातात. पुढे आचार्य असेही सांगतात की, जुन्या चोरांचा वेष घेतलेल्या हेरांनी चोरांत शिरावे आणि त्यांस चोरी करताना पकडून द्यावे. म्हणजे डॉनी ब्रास्कोची कल्पना आमच्या आचार्यांस दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती, असे कोणी अभिमानाने म्हणेल. म्हणो बापडा! आमचे लक्ष दुसरीकडे आहे. कौटिल्याचा हेर चोरास मुद्देमालासह पकडवून देतो आणि पडद्याआड नाहीसा होतो. त्याचे नाव काय, त्याचे पुढे काय झाले, ग्रंथ सांगत नाही. एका हेराच्या सांगण्यावर विसंबू नये, तिघांचे सांगणे जुळले तर खरे मानावे, एवढे मात्र तो सांगतो.

मुद्राराक्षसात विशाखदत्ताने पडदा किंचित बाजूला सारला आहे. चाणक्याचा सहाध्यायी इन्दुशर्मा हा जीवसिद्धी नावाचा क्षपणक बनून अमात्य राक्षसाचा जिवलग होतो. हा जिवलग शत्रूचा हेर आहे, हे राक्षसास पाचव्या अंकात उमगते. त्या वेळी तो राज्याचा शोक करीत नाही. शत्रूंनी माझे हृदयदेखील आपलेसे केले, असे त्यास वाटते. आम्ही हा अंक अनेक वेळा शिकविला. राक्षस हताश का झाला, एवढेच मुलांस विचारीत असू. जीवसिद्धीस त्या वेळी काय वाटले असेल, हा प्रश्न आम्ही एकाही वर्षी विचारला नाही. नाटककारानेही विचारलेला नाही.

आजच्या न्यायालयास मात्र पडद्याआडचा माणूस चालत नाही. आरोपीच्या तोंडावर, शपथेवर, सांगावे लागते. आणि आरोपीच्या वकिलास त्याची उलटतपासणी करण्याचा अधिकार असतो. तसेच असले पाहिजे. नाहीतर उद्या कोणीही कोणाविषयी काहीही कळवील आणि निरपराध तुरुंगात खितपत पडतील. १९८२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात पिस्टोन आपल्या खऱ्या नावाने साक्षीस उभा राहिला. त्यास ठार मारणाऱ्यास पाच लक्ष डॉलर देण्याचे तोवर ठरलेले होते. समोर लेफ्टी बसला होता. पाच वर्षांतील जेवणे, प्रवास, रात्रीअपरात्रीची संभाषणे, काही यंत्रावर मुद्रित झालेली आणि काही नुसती स्मरणातली, दिवसामागून दिवस प्रश्नोत्तरांनी उलगडली गेली. लेफ्टीस पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तो १९९२ साली सुटला आणि १९९४ साली दुखण्याने वारला.

या साक्षीची किंमत एकट्या लेफ्टीपुरती नव्हती. अमेरिकेत १९७० साली एक कायदा झाला होता, ज्यायोगे एखादी संघटनाच गुन्हा करण्यासाठी चालविली जाते असे सिद्ध करून तिच्या धुरीणांस शासन करता येते. परंतु अशी संघटना अस्तित्वात आहे, तिला नायक-उपनायक आहेत, पैसा कोठून कोठे जातो, हे शपथेवर सांगणार कोण? घराण्याचे आचार ज्याने गुरुमुखातून ऐकले होते असा, आणि स्वतः गुन्हेगार नसलेला, साक्षीदार प्रथमच हाती लागला होता. पाचही घराण्यांच्या वरिष्ठ मंडळाविरुद्धच्या १९८५-८६ च्या खटल्यातही त्याची साक्ष झाली. त्यात तीन घराण्यांच्या प्रमुखांस प्रत्येकी शंभर वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. त्याच्या कामगिरीमुळे सर्व मिळून दोनशेवर लोकांवर आरोप ठेवले गेले आणि शंभरावर दोषी ठरले. यामुळे किती दुकानदार खंडणीतून सुटले असतील, किती मुले मादक द्रव्यांपासून वाचली असतील, त्याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. म्हणून पिस्टोनने पाप केले असे आम्ही म्हणणार नाही. त्याने स्वतःही आपल्या कर्तव्याचा पश्चात्ताप केल्याचे कोठे म्हटलेले नाही. सनीविषयी मात्र त्याने लिहिताना हात जरा जड झालेला दिसतो.

आणि ज्यांनी त्याला पाठविले, त्यांनी काय दिले? मानपत्र दिले, आणि पाचशे डॉलर बक्षीस दिले. नोकरी सोडल्यावर तो दुसऱ्या नावाने, ठिकाणा न सांगता राहिला. लोकांपुढे यावयाचे तर काळा चष्मा लावून. ज्या मनुष्याने पाच वर्षे खोटे नाव धारण केले, त्यास खरे बोलल्याबद्दल उरलेले आयुष्य पुन्हा खोट्याच नावाने काढणे आले.

येथवर लिहिले ते सर्व परक्याचे. आता घरचे.

आम्ही नोकरीच्या ऐन उमेदीत असताना एका शाळेत इयत्ता नववीचे वर्गशिक्षक होतो. शाळेचे व गावाचे नाव देत नाही. सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काही मुलांस अगोदर मिळतात आणि ती मुले त्या इतरांस विकतात, असा बोभाटा झाला. चार मुलांवर आमचा संशय होता, पुरावा नव्हता. वर्गात एक हुशार, अबोल मुलगा होता. बाहेरगावचा, मावशीकडे राहून शिकणारा. त्याच्यावर कोणाचा संशय जाणे शक्य नव्हते. आम्ही त्यास जवळ बोलाविले आणि म्हणालो, त्या मुलांत मिसळ, काय चालते ते पाहा, आणि संध्याकाळी आमच्या घरी येऊन सांगत जा. तो घाबरला. “सर, त्यांना कळले तर?” आम्ही म्हणालो, “तुला कोठेही पुढे यावे लागणार नाही. आमचा शब्द.”

तीन आठवडे तो संध्याकाळी येत असे. चौघांतील म्होरक्याने त्यास जवळ केले होते. त्याच्या घरी हा जेवू लागला होता, त्याच्या सायकलीवरून शाळेत येऊ लागला होता. तोंडावर थोडी टवटवी आली होती. आम्ही ती आमच्या कामगिरीचे यश समजलो. प्रश्नपत्रिका कशा फुटतात ते सर्व कळले. आम्ही ते मुख्याध्यापकांच्या कानी घातले. त्यांनी मुलांच्या पालकांस बोलाविले. पालकांनी साफ नाकारले आणि विचारले, कोण म्हणतो असे? आमच्या मुलांसमोर म्हणू द्या. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही जाऊन त्या मुलास वर्गातून घेऊन आलो.

त्याने सर्व सांगितले. अडखळत, पण खरे सांगितले. सांगण्यास आरंभ करण्यापूर्वी त्याने एकवार आमच्याकडे पाहिले. आम्ही भिंतीवरील हिंदुस्थानच्या नकाशाकडे पाहत होतो. त्या नकाशात गोदावरीच्या मुखापाशी शाईचा डाग पडलेला होता, तो आम्हांस आजही जसाच्या तसा दिसतो. म्होरक्यास वर्षापुरते शाळेतून काढण्यात आले, तिघांस समज देण्यात आली, आणि पुढील परीक्षा निर्वेध पार पडली. आमची सर्वत्र वाहवा झाली. त्या मुलाच्या बाकावर वर्षअखेरपर्यंत कोणी बसले नाही. तो आमच्या घरीही पुन्हा आला नाही, आणि आम्हीही बोलाविले नाही.

हे आम्ही घरात कोणास कधी सांगितले नव्हते. पुस्तक वाचून संपल्याच्या रात्री वहिनी ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या, तेव्हा सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भावजी, मला आठवतो तो. आपल्याकडे यायचा. पोहे फार आवडायचे त्याला, पण दुसऱ्यांदा घे म्हटले की लाजायचा. पुढे काय झाले हो त्याचे?”

आम्हांस ठाऊक नव्हते. नातवास दुसऱ्या दिवशी आम्ही सांगितले की, तो अंमलदार चांगला होता. पण त्याला पाठविणारांचे काय, ते तू मोठा झालास म्हणजे विचार. तो तोवर आपला प्रश्न विसरलाही होता आणि चेंडू शोधीत होता.

त्या मुलाचे वडील जून महिन्यात गावाहून आले होते, एवढे आमच्या स्मरणात आहे. भांडले नाहीत, बसलेही नाहीत. त्यास दुसरीकडे घालतो, दाखला द्यावा, इतकेच म्हणाले. वर्गशिक्षक या नात्याने दाखला आम्हीच लिहिला. वर्तणूक या रकान्यात ‘उत्तम’ असे लिहिले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यापाशी आमची लेखणी थोडी थांबली. वडील दाराबाहेर उभे होते, त्यांची गाडी चुकत होती. आम्ही तेथे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहून खाली सही केली.